पगार नाही, प्रायव्हसी नाही, तरी जॉइनिंग जोरात!

अमेरिकेतल्या युटा राज्यात दर आठवड्याला अठरा-एकोणीस वर्षांची पोरं एका ट्रेनिंगला दाखल होतात. तिथे पहिलं नाव बाजूला ठेवावं लागतं, एकांत सोडावा लागतो आणि पैसेही आपणच भरायचे असतात. या मॉर्मन मिशनऱ्यांच्या पहिल्या आठवड्यात नेमकं घडतं काय?

नव्या ऑफिसातला पहिला आठवडा आठवतोय? एचआरचं गोड हसू, गळ्यातलं कोरं करकरीत आय-कार्ड, एसीत कुडकुडत पाहिलेल्या न संपणाऱ्या स्लाइड्स आणि 'बडी' म्हणून नेमलेला तो सीनियर, जो लंचनंतर पुन्हा दिसलाच नाही! शुक्रवारी संध्याकाळी आपण ग्रुपवर मेसेज टाकतो, 'बोअर आहे यार, पण कॅन्टीन बरं आहे.'

आता हाच आठवडा थोडा बदलून बघू. वय अठरा. पहिलं नाव वापरायचं नाही. बडी असा, की बाथरूम सोडलं तर चोवीस तास शेजारी. सिनेमा, सीरियल, डेटिंग बंद. चहा-कॉफी तर धर्मातच बसत नाही, त्यामुळे तो प्रश्न आधीच मिटलेला. पोस्टिंग कुठे हवं, हे कुणी विचारत नाही. पगार शून्य. उलट दरमहा पैसे तुम्हीच मोजायचे. मुलांसाठी हे सगळं दोन वर्षं, मुलींसाठी दीड.

कोण जॉइन होईल असल्या नोकरीला? तर मंडळी, जगभरात आज ७० हजारांहून जास्त तरुण-तरुणी ही ड्युटी करताहेत.

हे आहेत मॉर्मन मिशनरी. चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केलं आणि आज त्याचं मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, असं चर्चने २०१८ मध्ये सांगितलं, पण जग अजून त्याच नावाने ओळखतं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला आणि कायम जोडीने फिरणारी पोरं हॉलिवूडच्या सिनेमात तुम्ही पाहिली असतील.

माझी मावसबहीण युटात लीहाय नावाच्या गावात राहते. तिथल्या आयटी पट्ट्याला लाडाने 'सिलिकॉन स्लोप्स' म्हणतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तिच्याकडे तीन आठवडे होते. तिच्या शेजारचा मुलगा त्याच महिन्यात ब्राझीलला मिशनवर निघाला होता. मला आयतीच स्टोरी मिळाली! ट्रेनिंग सेंटरच्या आत बाहेरच्यांना असं सहज जाता येत नाही. म्हणून मी तीन गोष्टी केल्या. त्याला सोडायला गेलेल्या गाडीत बसले, ताईच्या ऑफिसातल्या माजी मिशनऱ्यांना गाठलं, आणि त्या मुलाचे घरी येणारे साप्ताहिक ईमेल ताईकडून वाचून घेतले. त्याची आई ते साऱ्या गल्लीला पाठवते, त्यामुळे चोरी वगैरे काही नाही!

प्लेसमेंट, पण चॉइस नाही

सुरुवात अर्जापासून होते. स्थानिक धर्मप्रमुखाची मुलाखत, डॉक्टर, डेंटिस्ट असे सगळे सोपस्कार होतात. मग वाट बघायची 'कॉल'ची. तो सॉल्ट लेकहून येतो आणि त्यात दोनच महत्त्वाच्या गोष्टी असतात : कुठे जायचं आणि कुठली भाषा शिकायची. पूर्वी जाडजूड पांढरं पाकीट पोस्टाने यायचं, २०१८ च्या अखेरीपासून ते ऑनलाइन येतं. पण सोहळा तोच. आजी-आजोबा, मित्र, शेजारी जमतात, कोण पेरू म्हणतं, कोण जपान, आणि मग मुलगा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. आपल्याकडे बारावीच्या रिझल्टला जमते तशी गर्दी, फक्त इथे पेढे आधीच आणलेले असतात.

शेजारच्या मुलाला ब्राझील लागलं, म्हणजे पोर्तुगीज भाषा. त्याला येत होतं फक्त 'ओब्रिगादो'. म्हणजे थँक यू.

दोन मिनिटांचा निरोप

लीहायपासून प्रोव्हो साधारण अर्ध्या तासावर. ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीला लागून हे मिशनरी ट्रेनिंग सेंटर आहे, सगळे त्याला 'एमटीसी' म्हणतात. १९६१ मध्ये युनिव्हर्सिटीतच मिशनऱ्यांसाठी भाषेचे वर्ग सुरू झाले, १९७६ मध्ये स्वतंत्र संकुल उभं राहिलं आणि १९७८ मध्ये हे नाव मिळालं. २०१७ मध्ये नव्या इमारती आल्या. आत पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. बाहेरून बघितलं तर एखाद्या मोठ्या आयटी कंपनीचा कॅम्पसच वाटतो. सिक्युरिटीसुद्धा तशीच!

मला वाटलं होतं, आत नेऊन बसवतील, भाषण होईल, फोटो होतील. कसलं काय! गाडी फुटपाथला लागली. आधीच्या काही आठवड्यांत आलेली, सूट घातलेली पोरं तिथे उभीच होती. त्यातल्या एकाने डिकीतून बॅगा काढल्या. आईने मिठी मारली, वडिलांनी पाठीवर थाप मारली, धाकट्या बहिणीने दुसरीकडे बघितलं. मागची गाडी थांबलेली. दोन मिनिटं झाली असतील-नसतील, मुलगा बॅग ओढत निघाला. मागे वळून बघितलं नाही त्याने. गाडीत परतीच्या वाटेवर कुणी रेडिओही लावला नाही.

पूर्वी आत कार्यक्रम व्हायचा आणि शेवटी आई-बाप एका दारातून, मुलं दुसऱ्या दारातून जायची, असं ताईच्या ऑफिसातल्या जुन्या मंडळींनी सांगितलं. त्यापेक्षा हे दोन मिनिटांचं बरं, यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे या सेंटरमध्ये नवी मुलं घेणं थांबलं होतं. ट्रेनिंग घरी, स्क्रीनवर सुरू झालं. जून २०२१ पासून मुलं पुन्हा प्रोव्होला यायला लागली. आता ट्रेनिंगचा सुरुवातीचा थोडा भाग घरूनच ऑनलाइन होतो. म्हणजे आपल्याच बेडरूममध्ये, टाय लावून, मागे लहानपणीची फुटबॉल टीमची पोस्टर्स! वर्क फ्रॉम होममध्ये वर शर्ट आणि खाली बर्म्युडा घातलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

नाव गेलं, बिल्ला आला

आत गेल्यावर छातीवर बिल्ला लागतो. त्यावर आडनाव आणि त्याआधी 'एल्डर', मुलगी असेल तर 'सिस्टर'. पुढची दोन वर्षं हेच नाव. आई ज्या नावाने हाक मारते ते नाव पेटीत बंद. रूममेटलासुद्धा 'एल्डर' म्हणायचं. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय अठरा, मिसरूड जेमतेम फुटलेलं आणि नाव वडीलधारा!

ऐकून मला माझे बीपीओचे दिवस आठवले. कॉलेजनंतर आठ महिने मी एका कॉल सेंटरमध्ये होते. तिथेही पहिल्या दिवशी नवं नाव मिळालं, गोऱ्या ग्राहकाला उच्चारता येईल असं. शिफ्ट संपली की मी ते हेडफोनसोबत टेबलावर काढून ठेवायचे. इथे शिफ्ट संपतच नाही, हा फरक. तरी माजी मिशनऱ्यांनी एक गंमत सांगितली. पहिले दोन दिवस ते नाव कपड्यांसारखंच सैल वाटतं. मग कधीतरी जेवणाच्या रांगेत कुणी 'एल्डर' म्हटलं की आपण वळतो. तेव्हा कळतं, सुरुवात झाली.

दिवस पहिला : बटाटा आणि चावी

सामान ठेवलं, की थेट वर्गात. शिक्षक म्हणजे बहुतेक स्वतः मिशनवरून परत आलेले कॉलेजचे विद्यार्थी, वयाने चार-पाच वर्षांनीच मोठे. आणि पहिल्या मिनिटापासून ते शिकायच्या भाषेतच बोलतात! इंग्रजीची सोय नाही. हातवारे, चित्रं, अंदाज. मुलगा लिहितो की पहिल्या संध्याकाळी त्याला एवढंच कळलं होतं की सर फार प्रेमाने काहीतरी सांगताहेत.

इथे ताईने फॉर्म दाखवला. निघण्याच्या आदल्या आठवड्यात तिने त्याला ओट्यावर बसवून मराठीतूनच पोर्तुगीज शिकवलं होतं. 'अरे, बटाटा म्हणजे तुझा बटाटाच. चावी म्हणजे किल्ली. पाव म्हणजे ब्रेड. पाद्री तर तूच!' गोव्या-वसईमार्गे साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघरात शिरलेले हे शब्द. उच्चार तिथे जरा वेगळे. पाव नाकातून म्हणायचा, नाहीतर त्याचं लाकूड होतं. पण पहिल्याच आठवड्यात वर्गात 'चावी' ओळखणारा तो एकटा निघाला. लीहायमध्ये ताईची कॉलर ताठ!

पहिल्या एक-दोन दिवसांत त्या भाषेत छोटी प्रार्थना करायची. लगेचच त्या भाषेत एका 'अनोळखी माणसाला' धर्म समजावून सांगायचा. तो अनोळखी माणूस म्हणजे शिक्षकच, नाटक करणारा. पण खोलीत शिरल्यावर तो ओळख दाखवत नाही. प्रश्न विचारतो, कंटाळतो, नको म्हणतो. कागदावर लिहून नेलेली वाक्यं दोन मिनिटांत संपतात आणि उरलेला वेळ हसून काढावा लागतो. रविवारी आणखी एक धक्का. प्रत्येकाने छोटं भाषण तयार ठेवायचं आणि कुणाला बोलायला लागेल ते ऐन वेळी कळतं. एकेकाळी हे धडे शब्दशः पाठ करावे लागत. २००४ मध्ये 'प्रीच माय गॉस्पेल' हे मार्गदर्शक आलं, २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. आता भर पाठांतरापेक्षा समोरच्याचं ऐकण्यावर आहे. सेल्सवाल्या मित्रांनो, ओळखीचं वाटतंय ना?

कम्पॅनियन नावाचा प्राणी

भाषा जमते. कठीण असतो कम्पॅनियन. तो तुम्ही निवडत नाही. तो नेमला जातो आणि नियम असा की दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. सकाळी साडेसहाला उठण्यापासून रात्री साडेदहाला दिवे बंद होईपर्यंत. तुम्हाला पळायला जायचंय आणि त्याला लायब्ररीत? दोघांनी मिळून ठरवा. त्याचं पोट बिघडलं, तुमचाही क्लास बुडला. तो घोरतो? घोरू दे!

यासाठी एक फंडा आहे, तो मात्र आपल्या ऑफिसांनी उचलावा असा. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसायचं आणि सांगायचं, तुझं काय आवडलं, काय खटकलं, मी काय सुधारू. याला 'कम्पॅनियनशिप इन्व्हेंटरी' म्हणतात. बॉस नाही, रेटिंग नाही, फॉर्म नाही. ताईच्या ऑफिसातला एक टीम लीड म्हणाला की आयुष्यातला सगळ्यात अवघड फीडबॅक त्याने प्रोव्होत एकोणिसाव्या वर्षी ऐकला. तो विषय होता, कॉर्नफ्लेक्स चावण्याचा आवाज. पुढे लग्नात फार उपयोग झाला म्हणे!

कॅन्टीन मात्र झकास. हवं तेवढं घ्या. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच पँटचं बटण कुरकुरायला लागतं. त्यावर उतारा म्हणून जिम आणि व्हॉलीबॉल.

चौथ्या रात्री

हे सगळं वाचून समर कॅम्प वाटेल. तसं नाही. मी ज्या पाच जणांशी बोलले, त्या प्रत्येकाने तिसऱ्या किंवा चौथ्या रात्रीची गोष्ट सांगितली. नवेपणाची नशा उतरलेली, भाषा डोक्यावरून गेलेली, आणि लक्षात येतं की अजून ७२६ दिवस बाकी आहेत. रडायलाही एकटेपणा मिळत नाही, शेजारच्या बंकवर कम्पॅनियन आहेच. बहुतेक वेळा तोही जागाच असतो.

पूर्वी घरी फोन करायला वर्षातून दोनदाच परवानगी होती, ख्रिसमस आणि मदर्स डे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल चालतो. हा बदल छोटा नाही. आठवड्यातला एक दिवस 'पी-डे', म्हणजे तयारीचा दिवस. त्या दिवशी कपडे धुवायचे, केस कापायचे, मेल लिहायचे, आईशी बोलायचं.

चर्चने या ताणासाठी २०१३ मध्ये एक पुस्तिकाही काढली. तिच्यात मनाची अवस्था सिग्नलसारखी रंगांत दिली आहे : हिरवा, पिवळा, केशरी, लाल. आज मी कुठल्या रंगात आहे हे ओळखायचं आणि त्याप्रमाणे मदत मागायची. धार्मिक संस्थेने 'प्रार्थना कर, सगळं ठीक होईल' एवढ्यावर न थांबता हे लिहावं, याचं मला कौतुक वाटलं.

पण मदत मागणं पुस्तिकेत सोपं असतं.

ताईच्या ऑफिसातला एक जण माझ्याशी बोलायला तयारच नव्हता. शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये स्वतःहून थांबला. त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की हे आपल्याला झेपणार नाही. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं. तरी तो सात आठवडे थांबला. कारण गावात निरोपाचा समारंभ झाला होता, आजोबांनी पैसे भरले होते, चर्चमध्ये त्याचा फोटो लागला होता. परत आल्यावर त्याला कुणी वाईट बोललं नाही. रविवारी लोक फक्त विचारायचे, 'अरे, तू इथे?' त्या दोन शब्दांपायी तो वर्षभर दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गेला.

लवकर परतलेल्यांना मान द्या, असं चर्चचे नेते जाहीर सभांत सांगत आले आहेत. घरी राहून करायच्या सेवा-मिशनचा पर्यायही आहे. पण मुलांसाठी मिशन हे कर्तव्य मानलं जातं. मुलींना मात्र 'इच्छा असेल तर या' असं म्हणतात. जिथे गल्लीतल्या प्रत्येक घरातला मुलगा जाऊन आलाय, तिथे 'इच्छा' आणि 'रिवाज' यांच्यातली रेघ अठराव्या वर्षी कुणाला दिसणार? इंजिनीअरिंगला 'स्वतःच्या मर्जीने' गेलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नाही.

पुणे कनेक्शन

हा किस्सा ऐकून मी उडालेच. मॉर्मन मिशनरी आपल्याकडे कधी आले असतील? १८५२ मध्ये! ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी त्या वर्षी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या कॅम्पात जाऊन प्रचार करू लागला. ना ट्रेनिंग सेंटर, ना भाषेचा वर्ग, ना कॅन्टीन. आगगाडीसुद्धा नाही, मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची! पुण्यात काही फार जमलं नाही आणि १८५० चं दशक संपायच्या आत त्या काळातले मिशनरी भारतातून परतले. मिशनऱ्यांसाठी सॉल्ट लेकमध्ये पहिलं ट्रेनिंग घर निघालं ते १९२५ साली.

धर्मप्रचार म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात, आणि ते साहजिक आहे. या मुलांचं काम लोकांना आपल्या धर्मात बोलावणं हेच आहे, ते लपवतही नाहीत. पण जगात बहुतेक दारं त्यांच्या तोंडावर बंद होतात. म्हणजे खरं ट्रेनिंग 'नाही' ऐकण्याचंच.

रेझ्युमेवर काय येतं?

बरंच काही! 'सेव्हन हॅबिट्स'वाले स्टीफन कवी इंग्लंडमध्ये मिशनवर होते. हार्वर्डचे मॅनेजमेंट गुरू क्लेटन क्रिस्टेन्सन दक्षिण कोरियात होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉमनी १९६६ ते १९६८ फ्रान्समध्ये होते. वाईनच्या देशात दारू न पिणारा प्रचारक! युटातल्या घरोघर विक्री करणाऱ्या कंपन्या तर माजी मिशनऱ्यांवर डोळा ठेवूनच असतात. हजार वेळा 'नको' ऐकूनही दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघणारा सेल्समन कुणाला नको?

मला मात्र रॉमनींपेक्षा पार्किंगमधला तो मुलगा जास्त आठवतो. पहिल्या आठवड्यात माणसाला काय शिकवलं, यावर ट्रेनिंगची किंमत ठरत नसावी. 'मला जमत नाहीये' हे पहिल्या आठवड्यात किती मोकळेपणाने म्हणता येतं, यावर ठरत असावी. प्रोव्होने त्यासाठी फोन दिला, पुस्तिका दिली, रंग दिले. पुढचं काम गल्लीचं आहे. आपल्याकडेही प्रोबेशनमध्ये नोकरी सोडलेल्या मुलाला सोसायटीच्या लिफ्टमध्ये काय ऐकावं लागतं, आठवून बघा.

शेजारच्या मुलाचा पहिल्या आठवड्याचा मेल शेवटी पैशांवर येतो. वर्गात सरांनी 'पगार' हा शब्द शिकवला. ताईने सांगितलं होतं की मराठीत याचा अर्थ सॅलरी. पोर्तुगीजमध्ये अर्थ निघाला 'पैसे देणं'. मुलगा लिहितो, माझ्या बाबतीत पोर्तुगीज अर्थच बरोबर आहे. आणि खाली एक ओळ : आज पिवळा होतो, रात्री कम्पॅनियनशी बोललो, आता हिरवा.

झटपट फाइल

• वय : २०१२ पासून मुलांसाठी १८, मुलींसाठी १९. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींसाठीही १८ केलं.

• मुदत : मुलं २४ महिने, मुली १८ महिने.

• खर्च : जुलै २०२० पासून अमेरिकन मिशनऱ्यांसाठी दरमहा ५०० डॉलर. म्हणजे दोन वर्षांचे १२ हजार डॉलर, स्वतःच्या बचतीतून किंवा घरच्यांकडून.

• प्रोव्होतला मुक्काम : भाषा येत असेल तर थोडे आठवडे, नवी भाषा असेल तर जास्त.

• ड्रेसकोड : डिसेंबर २०१८ पासून मुलींना पँट चालते. २०२० पासून काही भागांत मुलांना निळा शर्ट चालतो, टायची सक्ती नाही.